प्रार्थना केली आणि पहारा बसवला: संकटात आणि विरोधात देवावर विसंबायचं कसं

2019 च्या पावसाळ्यात माझ्या नवऱ्याचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्याला तीन फेऱ्या. त्याच महिन्यात राहत्या घराच्या हिश्श्यावरून घरच्याच माणसांनी वकिलामार्फत नोटीस पाठवली. मी मिशन कंपाउंडमध्ये वाढलेली, वीस वर्षं संडेस्कूल घेतलेली बाई. तरी त्या रात्री गुडघे टेकले आणि “हे परमेश्वरा” याच्या पुढे एक शब्द सुचला नाही. आजारपण एकटं असतं तर बहुधा सुचला असता. आपल्याविरुद्ध कुणी उभं आहे हे कळलं की मन सतत त्या माणसाशीच भांडत राहतं आणि देवाशी बोलायला जागाच उरत नाही.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले. सांत्वनाचं फार बोलले नाहीत. “बाई, नहेम्या काढा आणि तेराही अध्याय सलग वाचा,” एवढंच म्हणाले. नहेम्या म्हणजे बायबलच्या जुन्या करारातलं एक पुस्तक. मी ते वाचलं, आणि गेली काही वर्षं तेच धरून प्रार्थना करते आहे. त्यातून जे हाताशी लागलं ते इथे क्रमाने लिहिते. लेख ख्रिस्ती विश्वासातून लिहिलेला आहे, पण दुसऱ्या श्रद्धेच्या वाचकालाही यातलं बरंच वापरता येईल.

आधी गोष्ट थोडक्यात. इसवी सनापूर्वी 445 चा सुमार. बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडून जवळपास 140 वर्षं झालेली. पारसाचा राजा अर्तहशश्त याच्या शूशन राजवाड्यात नहेम्या नावाचा यहूदी माणूस प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारस देणारा सेवक होता. भाऊ हनानी बातमी घेऊन येतो: मागे उरलेले लोक हालात आहेत, शहराचा तट पडलेला आहे, वेशी जळालेल्या आहेत. नहेम्या राजाची परवानगी काढून तिथे जातो आणि तट बांधायला घेतो. शेजारचे सत्ताधारी सनबल्लट, तोबीया आणि गेशेम त्याच्यामागे हात धुऊन लागतात. या पुस्तकात प्रार्थना जागोजाग आहे, आणि बहुतेक वेळा हातात काम असताना केलेली आहे.

पहिलं पाऊल: रडून घ्या, आणि घाई करू नका

बातमी ऐकल्यावर नहेम्या खाली बसला, रडला, उपास केला. किसलेव महिन्यात बातमी आली आणि राजापुढे तो बोलला नीसान महिन्यात. मध्ये चार महिने गेले. या चार महिन्यांत त्याने रात्रंदिवस प्रार्थना केली असं पुस्तक सांगतं, पण कुणावर धावून गेल्याची एकही ओळ नाही.

आपल्या मंडळ्यांमध्ये एक समज घट्ट बसला आहे की विश्वासणाऱ्याने रडू नये, लगेच “देव चांगला आहे” म्हणून साक्ष द्यावी. मला हे पटत नाही. स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र उघडा. देवाला “किती वेळ” असं लागोपाठ चार वेळा विचारलेलं आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मूल नसलेली हन्ना मंदिरात इतक्या दुःखाने प्रार्थना करत होती की नुसते ओठ हलत होते, आणि एली याजकाला वाटलं ही प्यालेली आहे. तिची ती प्रार्थना देवाने ऐकली.

करायचं असं. दिवसातली दहा मिनिटं ठरवा. दार लावा. देवाशी पुस्तकी भाषेत बोलू नका. मराठीत आपण आईला आणि देवाला “तू” म्हणतो, ती मोकळीक वापरा. “मला राग आलाय”, “मला भीती वाटते”, “तू कुठे आहेस” असं जे असेल ते मोठ्याने म्हणा. शब्द नसतील तर एक स्तोत्र हळू वाचा. तेवढीही ताकद नसेल तर जेवा आणि झोपा. एलीया संदेष्टा रानात झाडाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिलं, मध्ये झोपू दिलं.

दुसरं पाऊल: संकट देवापुढे पसरा

हे मी नहेम्याकडून नाही, यहूदाच्या हिज्कीया राजाकडून शिकले. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने धमकीचं पत्र पाठवलं. हिज्कीयाने ते वाचलं, मंदिरात नेलं आणि परमेश्वरापुढे पसरून ठेवलं. मग प्रार्थना केली.

मी नोटीस पलंगावर उलगडून ठेवली. चार पानं होती. प्रत्येक पानावर हात ठेवून मोठ्याने वाचलं, जणू देवाने ती पाहिलीच नव्हती. वाचताना लक्षात आलं की ज्या शब्दांनी माझी झोप उडवली होती ते नोटिशीत नव्हतेच. “रस्त्यावर काढू” असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते मी मनात भरलं होतं.

तेव्हापासून मी दोनशे पानी वही ठेवते. डाव्या पानावर प्रत्यक्ष काय घडलं ते लिहायचं, तारखेसकट. उजव्या पानावर मला कशाची भीती वाटते ते. दोन्ही पानं देवापुढे वाचायची. सुरुवातीला माझं उजवं पान भरून वाहायचं आणि डावीकडे तीन-चार ओळी असायच्या. भीती खोटी असते असं मी म्हणत नाही. पण घडलेलं आणि न घडलेलं यांची सरमिसळ झाली की प्रार्थनाही गढूळ होते.

तिसरं पाऊल: प्रार्थनेला बांधणी द्या

पहिल्या अध्यायातली नहेम्याची प्रार्थना फार नीट रचलेली आहे. आधी तो देव कोण आहे ते म्हणतो: आकाशाचा देव, करार पाळणारा. मग पापांची कबुली देतो, आणि त्यात “मी व माझ्या बापाचं घराणं” असा स्वतःचा समावेश करतो. मग देवाने मोशेला दिलेल्या वचनाची आठवण करून देतो. मागणं अगदी शेवटी येतं आणि तेही नेमकं: आज या माणसाची माझ्यावर कृपादृष्टी व्हावी. “हा माणूस” म्हणजे अर्तहशश्त. जगातला सर्वांत बलाढ्य राजा, पण प्रार्थनेत तो नुसता माणूस आहे.

यातला कबुलीचा भाग आपण गाळतो, विशेषतः समोरचा उघड चुकत असेल तेव्हा. मीही गाळला होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिथे पोचले तेव्हा आठवलं की सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात दिरांना कळवायला मी दोन दिवस उशीर केला होता. कारण सांगण्याजोगं होतं, पण खरं कारण मनातला आकस होता. त्यामुळे त्यांची नोटीस योग्य ठरत नाही. पण देवापुढे मी फक्त फिर्यादी होऊन बसले होते, ते त्या दिवशी थांबलं. नंतर दिरांना फोन करून त्या दोन दिवसांबद्दल माफी मागितली. घराचा विषय काढला नाही.

सुरुवात करायला शब्द हवे असतील तर हे घ्या, आणि आपले करा:

“हे परमेश्वरा, तू हे घर पाहतोस आणि मलाही ओळखतोस. माझ्या हातून जे चुकलं ते हे आहे. (इथे थांबून नाव घेऊन सांगा.) तू विधवेचा, अनाथाचा आणि गांजलेल्याचा कैवारी आहेस असं तूच म्हटलं आहेस, मी त्याच शब्दाला धरून आले आहे. उद्या अकरा वाजता मला अमुक माणसासमोर उभं राहायचं आहे. माझ्या तोंडून खोटं जाऊ देऊ नकोस, आणि माझा आवाज कापू देऊ नकोस.”

शेवटची दोन वाक्यं पाहा. “सगळं ठीक कर” असं मागितलं तर उत्तर आलं की नाही हे ओळखताच येत नाही. उद्या अकराची प्रार्थना उद्या बारा वाजता वहीत लिहिता येते.

चौथं पाऊल: उभ्या उभ्या प्रार्थना

राजाने विचारलं, “तुझी मागणी काय?” प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये नहेम्याने आकाशाच्या देवाची प्रार्थना केली. राजासमोर, किती वेळ मिळाला असेल? एक श्वास. पण त्या श्वासामागे चार महिने होते. दवाखान्याच्या खिडकीशी, कोर्टाच्या व्हरांड्यात, साहेबांच्या केबिनबाहेर एक वाक्य पुरतं. माझं वाक्य होतं, “प्रभू, माझ्याबरोबर आत ये.”

आणि राजाने हो म्हणताच नहेम्याने काय मागितलं? वाटेवरच्या सुभेदारांना पत्रं, आणि राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याला लाकडासाठी पत्र. म्हणजे त्या चार महिन्यांत त्याने हिशोबही केला होता.

पाचवं पाऊल: पहारा बसवा

मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ते इथे आहे. चौथ्या अध्यायात शत्रू एकत्र येऊन हल्ल्याचा कट करतात. नहेम्या सांगतो की आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. एकाच वाक्यात दोन्ही. मध्ये “पण” नाही. पुढे तर एका हाताने काम आणि दुसऱ्या हातात शस्त्र, अशी माणसं तटावर उभी आहेत.

आपल्याकडे या दोन गोष्टींची फारकत होते. काही जण वकील, डॉक्टर, अर्ज यांच्या मागे धावतात आणि प्रार्थना कुणा दुसऱ्यावर सोपवतात. काही जण “देव बघून घेईल” म्हणून कागद उघडतही नाहीत आणि मुदत टळते. दुसऱ्या चुकीला विश्वास म्हणतात, म्हणून ती जास्त घात करते.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्या मातीतलं आहे. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन ही विधवा आणि मुलींसाठीची शाळा काढली, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. 1893 मध्ये, सदनातल्या मुली त्यांच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ उठलं. सल्लागार मंडळातल्या मान्यवरांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी प्रार्थना सोडली नाही आणि कामही सोडलं नाही. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपासमारीतल्या मुलींना त्यांनी आणलं, आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथली प्रार्थना पुढे जगभर माहीत झाली. त्याच केडगावात विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, हातमाग आणि छापखाना चालला. विहीर खोदली म्हणून त्यांची प्रार्थना उणी पडली असं कोण म्हणेल?

तर तुमचा पहारा कोणता, ते आजच लिहा. घराजमिनीचा वाद असेल तर नोटिशीला उत्तर मुदतीत गेलं पाहिजे आणि प्रत्येक कागदाची झेरॉक्स वेगळ्या घरी ठेवली पाहिजे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते. मला हे सहा महिने उशिरा कळलं. आजारपण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे करा, डायलिसिस त्यात बसतं. नोकरीत त्रास असेल तर तारीख, वेळ आणि बोललेले शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा.

आणि घरात मारहाण होत असेल, जिवाला धोका असेल, तर “सहन कर आणि प्रार्थना कर” असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. आधी सुरक्षित जागी जा. 112 वर पोलिस मिळतात, 181 वर महिलांसाठी मदत. मन इतकं खचलं असेल की जगणं नकोसं वाटतं, तर 14416 वर टेलिमानसशी मराठीत बोलता येतं. हे फोन करणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. तटावर पहारेकरी उभा करणंच आहे ते.

सहावं पाऊल: ओनोच्या मैदानात जाऊ नका

आधी टवाळी आली. तोबीया म्हणाला, यांच्या तटावर कोल्हा चढला तरी तो ढासळेल. नहेम्याने तोबीयाला उत्तर दिलं नाही. तो देवाशी बोलला, आणि ती प्रार्थना गोड नाही: यांची निंदा यांच्याच माथी उलटव, असं तो म्हणतो. मग लगेच, तट अर्ध्या उंचीपर्यंत झाला.

पुढे तट जवळजवळ पुरा होत आला तेव्हा निरोप आला, ओनोच्या मैदानात भेटू या. चार वेळा आला, चारही वेळा त्याने एकच उत्तर दिलं: मी मोठ्या कामात आहे, खाली येऊ शकत नाही. पाचव्या वेळी उघडं पत्र आलं, त्यात तो राजद्रोह करतोय अशी अफवा. उघडं, म्हणजे वाटेत कुणीही वाचावं. त्याने एका वाक्यात नाकारलं, “माझे हात बळकट कर” अशी प्रार्थना केली आणि पुन्हा कामाला लागला.

आमचं ओनोचं मैदान म्हणजे नातेवाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. तिथे रात्री अकराला लांबलचक मेसेज यायचे. पहिले दोन महिने मी उत्तरं दिली, आणि प्रत्येक उत्तरानंतर डायलिसिसच्या दिवशी माझे डोळे सुजलेले असायचे. मग नियम केला: आरोप खोटा आणि महत्त्वाचा असेल तर एकदाच, एका वाक्यात, दिवसाउजेडी नाकारायचा. बाकी सगळं वहीत, देवापुढे. रागाची कडू प्रार्थनाही तिथेच करायची. देवापुढे ओतलेला राग दारात जाऊन ओतावा लागत नाही.

पण तिथेच थांबता येत नाही, कारण छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं प्रभू येशूने सांगितलं आहे. मला ते कित्येक महिने जमलं नाही. मदत झाली ती एका जुन्या हकिकतीची. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण ती गोष्ट त्यांच्या बाजूने ऐकतो: विरोध सोसणारे टिळक. पण लक्ष्मीबाईंवर त्या बातमीने आभाळ कोसळलं, काही वर्षं त्यांना नवऱ्यापासून वेगळं राहावं लागलं. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. मधल्या वर्षांत जे नातेवाईक “विरोधक” होते, तेच त्यांना आसरा देणारेही होते. आपल्याला विरोध करणाऱ्याचंही काहीतरी दुखत असतं, हे मला त्यातून उमगलं. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा दिराच्या मुलीच्या बारावीच्या परीक्षेसाठी प्रार्थना केली. दिरासाठी अजून जमत नव्हतं, मुलीसाठी जमलं.

सातवं पाऊल: कर्णा कुणाकडे आहे?

तट लांबलचक, माणसं पांगलेली. म्हणून नहेम्याने कर्णा वाजवणारा आपल्याजवळ ठेवला. कर्णा ऐकू आला की सगळ्यांनी तिकडे जमायचं. तुमच्या अडचणीत रात्री दोन वाजता कर्णा कुणाला ऐकू जाईल? दोन-तीन माणसं पुरेत. आमच्या मंडळीतल्या दोन बहिणी दर गुरुवारी संध्याकाळी घरी यायच्या, एक उपासना संगीतातलं गीत, एक शास्त्रभाग, वीस मिनिटं प्रार्थना. एक जण येताना भाजी निवडून आणायची. ती भाजी मी विसरणार नाही.

माणसं निवडताना मात्र जपा. शमाया नावाच्या माणसाने नहेम्याला देवाचा निरोप म्हणून सांगितलं की रात्री तुला मारायला येतील, मंदिरात लपून बस. नहेम्याने ओळखलं की हा तोबीयाने पैसे देऊन बोलायला लावलेला आहे. “देवाने मला तुझ्याबद्दल दाखवलंय” म्हणून जो तुमची भीती वाढवतो, किंवा बरं होण्यासाठी पैसे मागतो, औषध बंद करायला सांगतो, त्याला नम्रपणे दार दाखवा.

उत्तर येत नाही तेव्हा

इथे मी जास्त शब्द वापरू शकत नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, काढण्यासाठी तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा पुरेल असं उत्तर आलं. गेथशेमाने बागेत, वधस्तंभाच्या आदल्या रात्री, प्रभू येशूनेच दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवलं, आणि प्याला टळला नाही. यरुशलेमातल्या पहिल्या मंडळीला धमक्या आल्या तेव्हा त्यांनी धमक्या थांबाव्यात असं मागितलं नाही, बोलण्याचं धैर्य मागितलं. माझी वही या तिन्ही तऱ्हेच्या पानांनी भरलेली आहे.

माझा नवरा 2022 च्या उन्हाळ्यात गेला. आम्ही बरं होण्यासाठी प्रार्थना केली होती, उपास केले होते, आणि तो गेला. शेवटच्या आठवड्यात तो घाबरलेला नव्हता. मी त्यासाठीही प्रार्थना केली होती, ते पान तारखेसकट आहे. माती दिली त्या दिवशी शवपेटीच्या एका कडीला धाकट्या दिराचा हात होता.

यरुशलेमचा तट 52 दिवसांत, अलूल महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी पुरा झाला. पण पुस्तक सहाव्या अध्यायात संपत नाही. तेराव्यात नहेम्या राजाकडे जाऊन परत येतो तर मंदिराच्या आवारात तोबीयालाच खोली दिलेली. तो त्याचं सगळं सामान बाहेर फेकतो, खोली शुद्ध करून घेतो, आणि पुन्हा तीच त्याची छोटी प्रार्थना: माझ्या देवा, माझी आठवण कर.

आमच्या घराचा दावा अजून चालू आहे. पुढची तारीख डाव्या पानावर लिहिली आहे, सोबत न्यायच्या कागदांची यादीही. उजव्या पानावर या वेळी दोनच ओळी आहेत.